फिरत्या चाकाचा तोल

थांबलेले चाक आपला दोष कधीही सांगत नाही. कोपऱ्यातील घरघंटी, ओट्यावरील मिक्सर, घरातील छोट्या कार्यशाळेच्या टेबलावर बसविलेला बेंच ग्राइंडर ही यंत्रे बंद असताना सारखीच निर्दोष दिसतात. कळ दाबून गती येताच त्यांपैकी एखादे थरथरू लागते, फरशीवरून हळूहळू सरकते, त्याच्या झाकणावर विसरलेला चमचा वाजू लागतो. हा दोष गतीमुळे उत्पन्न झाला, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तो त्या चाकात आधीपासूनच असतो. वेग येताच तो प्रकट होतो आणि वेगाबरोबर अनेक पटींनी वाढतो. ही वाढ किती असते आणि घरच्या साधनांनी ती कशी रोखता येते, हे जाणून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

जैन कुटुंबात घरघंटीला विशेष स्थान आहे. श्रावकाच्या आहारविचारात पीठ किती दिवसांचे आहे याला महत्त्व असते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस अशी सांगितली जाते. जात्यावर रोजचे दळण होत असे, तेव्हा ही मर्यादा सहज पाळली जाई. पुढे गिरण्या आल्या. आपल्या आधी तेथे कोणते धान्य दळले गेले हे कळेनासे झाले आणि अनेक घरांनी घरघंटी आणली. परंतु जाते आणि घरघंटी यांच्या गतीत फार मोठे अंतर आहे. जात्याची गती हाताची. घरघंटीत मोटरच्या शाफ्टवर पोलादी पात्यांची चकती बसविलेली असते. ती मिनिटाला सुमारे 2,850 फेरे घेते आणि दाण्यावर आघात करून त्याचे पीठ जाळीतून बाहेर टाकते. जात्याची वरची तळी दोन-चार तोळे एका बाजूस जड असली तरी दळणाऱ्या बाईला त्याची जाणीव होत नसे. घरघंटीच्या चकतीला तेवढा फरक सोसत नाही.

याचे कारण समजण्यासारखे आहे. प्रत्येक फिरत्या भागाला दोन मध्य असतात. एक भूमितीचा, ज्यातून शाफ्ट जातो. दुसरा वजनाचा, ज्याला वस्तुमानकेंद्र म्हणतात. हे दोन मध्य एकाच ठिकाणी असावेत अशी अपेक्षा असते. ओतकामात राहिलेली पोकळी, किंचित तिरके पडलेले भोक, एका बाजूची झीज किंवा चिकटलेला मळ यांमुळे ते एकमेकांपासून सरकतात. मग चाक फिरताना जड बाजू शाफ्टला बाहेर ओढू लागते. एक ग्रॅम जादा वजन मध्यापासून 10 सेंटिमीटरवर असेल आणि चाक मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर ते ग्रॅमभर वजन शाफ्टला सुमारे एक किलोच्या ओढीने खेचते. वेग 6,000 केला तर ओढ दोन किलो न होता चार किलो होते. 12,000 केला तर सोळा किलो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. शिवाय ही ओढ एका दिशेला स्थिर नसते. चाकाबरोबर तीही फिरते आणि 3,000 फेऱ्यांच्या गतीला सेकंदात पन्नास वेळा शाफ्टला सर्व बाजूंनी हिसके देते. बेअरिंग लवकर झिजते, नट-बोल्ट ढिले होतात, मोटर तापते. एखाद्या भागाला मुळातच तडा असेल, तर तो वाढत जातो.

इचलकरंजी, सांगली, कोल्हापूर या परिसरात लेथ, ड्रिल आणि ग्राइंडर असलेली घरगुती खोली ही अपूर्वाईची गोष्ट नाही. यंत्रमाग, ओतशाळा आणि शेतीपंप यांच्या सहवासात वाढलेल्या या भागात कारखान्यातून निवृत्त झालेले अनेक गृहस्थ हाताची सवय सोडत नाहीत. अशाच एका खोलीत, दशलक्षण पर्वाला दोन दिवस राहिले असताना, शेजारची घरघंटी आली. दळताना ती फरशीवर वीतभर सरकत होती. शेजारणीला घाई होती. पर्वात घरात एकाशन करणारी माणसे होती आणि पावसाळ्यातील तीन दिवसांच्या मर्यादेमुळे यंत्र वारंवार चालवावे लागणार होते.

"अण्णा, खाली रबराचे तुकडे तेवढे लावून द्या. पर्व निघून जाऊ दे, मग बघू," त्या म्हणाल्या.

"वहिनी, रबर लावलं की आवाज आपल्याला कमी ऐकू येईल. आतल्या बेअरिंगचा मार काही कमी होणार नाही. आजचा दिवस माझ्याकडे राहू द्या."

दळण चालू असताना त्या घरातील सहा वर्षांचा नातू घरघंटीला टेकून उभा राहतो, हे अण्णांनी पाहिले होते. म्हणून रबराची सूचना त्यांनी मान्य केली नाही.

प्रथम त्यांनी प्लग काढून तो टेबलावर डोळ्यांसमोर ठेवला. मग जाळी काढली. धुऊन वाळविलेले गहू पावसाळी हवेत पुरते वाळले नव्हते. त्यांचे ओलसर पीठ दोन पात्यांच्या मुळाशी घट्ट बसले होते. ते बांबूच्या काडीने खरवडून काढताच निम्मा दोष गेला. कोणत्याही फिरत्या भागाचा तोल साधण्याची पहिली पायरी हीच आहे. वजन लावण्यापूर्वी किंवा काढण्यापूर्वी चाक स्वच्छ करावे, नट-बोल्ट घट्ट आहेत का ते पाहावे, शाफ्ट वाकलेला आणि बेअरिंग सैल झालेले नाही याची खात्री करावी. वाकलेल्या शाफ्टवरील चाकाचा तोल वजनाने साधू पाहणे म्हणजे खोट्या मापाने खरा हिशेब करणे होय.

दुसरा दोष पात्यांत सापडला. आधीच्या दुरुस्तीत चार पात्यांपैकी एकच नवे घातले होते. अण्णांनी सोनाराच्या काट्यासारख्या लहान डिजिटल काट्यावर चारही पाती तोलली. जुनी तीन झिजून प्रत्येकी 41 ग्रॅमची झाली होती, नवे 44 ग्रॅमचे होते. तीन ग्रॅम म्हणजे एक चमचा साखरदेखील नव्हे. परंतु ते मध्यापासून सहा सेंटिमीटरवर होते आणि 2,850 फेऱ्यांच्या गतीला तेवढेच वजन शाफ्टला दीड किलोहून अधिक ओढ देत होते, तीही सेकंदाला सत्तेचाळीस वेळा दिशा पालटत. समोरासमोरची पाती नेहमी जोडीने बदलावीत आणि जोडीतील वजन समान असावे, हा नियम त्या दुरुस्तीत पाळला गेला नव्हता. समोरच्या बाजूला वजन जोडूनही तोल साधता आला असता. पण घरच्या जोडकामातील तुकडा वेगात सुटून उडण्याचा धोका असतो. म्हणून अण्णांनी नव्या पात्याची, दाण्यावर न आदळणारी कड थोडी थोडी घासली आणि प्रत्येक वेळी ते काट्यावर ठेवून पाहिले.

पाती समान झाली तरी संपूर्ण चकतीची परीक्षा उरतेच. तिच्यासाठी लागणारे साधन अगदी साधे आहे: सरळ धार असलेल्या दोन पोलादी पट्ट्या, परस्परांना समांतर आणि स्पिरिट लेव्हलने एका पातळीत बसविलेल्या. चकतीच्या भोकात अचूक बसणारी सरळ दांडी घालून ती या दोन धारांवर ठेवायची. चकती हळूहळू लोळते आणि जड बाजू खाली आणून थांबते. त्या जागी खडूची खूण करायची. ही परीक्षा निरनिराळ्या चार जागांपासून सुरू करून पुन्हा करायची. चारही वेळा तीच खूण खाली आली तर निष्कर्ष विश्वसनीय मानायचा. मग विरुद्ध बाजूला मेणाची गोळी चिकटवून ती कमीअधिक करीत राहायचे. चकती कोणत्याही जागी सोडली तरी तेथेच थांबली, की तोल साधला. शेवटी मेण काट्यावर तोलून, तेवढ्याच प्रभावाचे धातू जड बाजूने ड्रिलने किंवा कानशीने काढायचे. येथे नुसते वजन पुरत नाही, मध्यापासूनचे अंतरही मोजावे लागते. सहा सेंटिमीटरवरील दोन ग्रॅम आणि चार सेंटिमीटरवरील तीन ग्रॅम यांचा प्रभाव एकच, बारा ग्रॅम-सेंटिमीटर. मेण मात्र केवळ या संथ परीक्षेसाठी वापरायचे. वेगात ते टिकत नाही.

सायंकाळी अण्णांनी घरघंटी रिकामीच दहा मिनिटे चालविली. तेव्हा खोलीत दुसरे कोणी नव्हते आणि ते स्वतः चकतीच्या समोर न राहता बाजूला उभे होते. झाकणावर उभे ठेवलेले रुपयाचे नाणे पडले नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र शेजारी परत गेले; सोबत दोन सूचना गेल्या. धान्य पुरते वाळल्याशिवाय दळू नये आणि नातवाला दळताना जवळ उभे करू नये.

पातळ चकतीसाठी ही संथ परीक्षा बहुधा पुरेशी ठरते. लांबट भागासाठी ती अपुरी पडते, आणि याचे कारण हिशेब ठेवणाऱ्या माणसाला सहज कळेल. तेरीज पत्रकाच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे खाती निर्दोष आहेत असे सिद्ध होत नाही. एका खात्यात शंभर रुपये जादा आणि दुसऱ्यात तेवढेच कमी लिहिले गेले असतील, तर दोन चुका परस्परांना झाकतात आणि बेरीज बिनतक्रार जुळते. मिक्सरच्या मोटरचे आर्मेचर असेच फसवू शकते. त्याच्या एका टोकाला वरच्या बाजूस एक ग्रॅम जादा असेल आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूस एक ग्रॅम जादा असेल, तर दोन धारांवर ते कोठेही शांतपणे थांबेल. बेरीज जुळली. पण फिरू लागताच एक टोक एकीकडे आणि दुसरे त्याच्या उलट दिशेला ओढले जाते, आणि संपूर्ण शाफ्ट डुलू लागतो. मिक्सरची मोटर मिनिटाला 18,000 च्या आसपास फेरे घेऊ शकते. 3,000 फेऱ्यांना दोन सेंटिमीटरवरील एक ग्रॅम केवळ दोनशे ग्रॅमची ओढ देईल. 18,000 फेऱ्यांना वेग सहापट आणि ओढ छत्तीसपट, म्हणजे सात किलोंहून अधिक होते. म्हणून आर्मेचरचा तोल दोन्ही टोकांना वेगवेगळा पाहावा लागतो आणि तोही ते फिरत असताना. कारखान्यात यासाठी स्वतंत्र यंत्रे असतात. नव्याने वाइंडिंग केलेले आर्मेचर पूर्वीसारखे चालत नसेल, तर तारेचे आणि वार्निशचे वजन सर्व बाजूंना सारखे बसले नसण्याची शक्यता ध्यानात घ्यावी आणि ते काम अशी यंत्रे असलेल्या ठिकाणी सोपवावे. आपल्या साधनांची मर्यादा ओळखणे हाही कारागिरीचाच भाग आहे.

तथापि मध्यम वेगाच्या रुंद चाकाचा, उदाहरणार्थ पंख्याचा किंवा पुलीचा, फिरता तोल घरीही साधता येतो. कंप मोजणारे साधे उपकरण त्यासाठी पुरते. मूळ अवस्थेत चाक ठरावीक वेगाने फिरवून कंपाचे माप घ्यायचे. मग एक छोटे परीक्षा-वजन चाकावर स्क्रूने पक्के बसवून, समान अंतरावरील तीन जागी ते आळीपाळीने लावून, त्याच वेगाला तीन मापे घ्यायची. कागदावर पहिल्या मापाच्या त्रिज्येचे वर्तुळ काढायचे आणि त्यावर त्या तीन जागांचे बिंदू मांडायचे. प्रत्येक बिंदूवर कंपासाचे टोक ठेवून त्या जागेच्या मापाएवढी कमान काढायची. तिन्ही कमानी जेथे मिळतात, ती मध्यापासूनची दिशा म्हणजे वजन लावण्याची जागा. मूळ वर्तुळाची त्रिज्या 6 आणि मिलनबिंदूचे मध्यापासूनचे अंतर 4 असेल, तर दोन ग्रॅमच्या परीक्षा-वजनाऐवजी त्याच त्रिज्येवर तीन ग्रॅम लावायचे. शाळेतील भूमितीपेक्षा अधिक ज्ञान येथे लागत नाही. लागते ती शिस्त: चारही वेळा वेग तोच हवा, उपकरण त्याच जागी हवे आणि वजन बदलताना प्रत्येक वेळी प्लग काढलेला हवा.

पूर्ण तोल कोणत्याही चाकाला लाभत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत किती दोष चालेल याची सीमा ठरवून दिली आहे. पंखे, सामान्य विद्युत मोटरी अशा यंत्रांसाठी जी श्रेणी वापरतात, तिच्यानुसार 3,000 फेऱ्यांना वजनाचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून सुमारे 20 मायक्रॉनपर्यंत सरकलेला चालतो. माणसाचा केसही याहून कितीतरी जाड असतो. दोन किलोच्या चकतीत याचा अर्थ चार ग्रॅम-सेंटिमीटर, म्हणजे सहा सेंटिमीटरवर पाऊण ग्रॅमहूनही कमी. त्या घरघंटीतील एका पात्याचा दोष अठरा ग्रॅम-सेंटिमीटरचा होता; सीमेच्या साडेचार पट. वेग वाढला की ही सीमा आणखी कडक होते. 18,000 फेऱ्यांना ती तीन मायक्रॉनच्या थोडी पुढे राहते.

अतिवेगवान यंत्रांच्या इतिहासात या अपूर्णतेवर एक वेगळा मार्गही निघाला. दुधातून साय वेगळी करणारे यंत्र 1878 मध्ये बनविणारे स्वीडनचे अभियंता गुस्ताफ द लाव्हाल यांनी पुढे वाफेचे छोटे टर्बाइन तयार केले. त्याचे चाक मिनिटाला 30,000 फेऱ्यांपर्यंत जात असे. तेवढ्या वेगाला बारीकसा दोषही जाड शाफ्टला आणि बेअरिंगला सोसणे कठीण होते. त्यांनी शाफ्ट मुद्दाम बारीक आणि लवचीक ठेवला. विशिष्ट वेगाला असा शाफ्ट जोराने थरथरतो. पण तो टप्पा लवकर ओलांडला, की चाक आपल्या वजनाच्या खऱ्या मध्याभोवती फिरू लागते आणि थरथर शमते. रँकिन यांनी 1869 मध्ये अशा टप्प्याच्या पुढे शाफ्ट स्थिर राहू शकत नाही, असे प्रतिपादन केले होते. प्रत्यक्ष यंत्राने ते खोडून काढले आणि 1919 मध्ये जेफकॉट यांनी त्याची उपपत्ती स्पष्ट केली. घरच्या कार्यशाळेत हा प्रयोग करू नये. मात्र मोटर सुरू किंवा बंद होताना क्षणभर थरथर का वाढते, त्याचे एक कारण येथे सापडते.

घरच्या कार्यशाळेत सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती ग्राइंडरच्या दगडाबाबत. सहा इंची दगड 2,850 फेऱ्यांना फिरतो, तेव्हा त्याची कड ताशी सुमारे 80 किलोमीटर वेगाने धावत असते. नवा दगड बसविण्यापूर्वी तो बोटावर किंवा दोरीवर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवावा. स्वच्छ, घणघणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा असण्याची शक्यता धरून तो बाजूला ठेवावा. दगडावर लिहिलेला कमाल वेग मोटरच्या वेगापेक्षा अधिक असल्याची खात्री करावी. दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या काढून टाकू नयेत, नट अवाजवी आवळू नये, संरक्षक झाकण कधीही काढू नये. थांबलेल्या दगडावर पाणी पडले तर ते खालच्या भागात मुरते आणि तोल जातो. असा दगड पुरता वाळल्याशिवाय लावू नये. दगड नवा असो वा जुना, प्रारंभी बाजूला उभे राहून मिनिटभर तो रिकामाच फिरू द्यावा. सैल बाह्या, उपरणे, ओढणी, मोकळे केस आणि बांगड्या यांना या खोलीत प्रवेश नसावा. चष्मा असला तरी त्यावर संरक्षक चष्मा असावा.

या सर्व सूचनांच्या मुळाशी असलेले तत्त्व जैन श्रावकाला नवे नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचा विचार करताना प्रमादाला मूळ स्थान दिले आहे. मनात द्वेष नसतानाही बेफिकिरीने वागणारा मनुष्य हिंसेच्या दोषातून सुटत नाही. पाच समितींत वस्तू उचलताना आणि ठेवताना घ्यावयाच्या काळजीची आदान-निक्षेपण समिती स्वतंत्रपणे सांगितली आहे. ती साधूंच्या आचारातील असली, तरी तिच्यामागील यत्नाचार गृहस्थाच्या हातोडीला आणि पान्यालाही लागू पडतो. असमान पाते बसविणाऱ्या कारागिराला कोणाचे वाईट चिंतायचे नसते. तरीही त्या तीन ग्रॅमांचा भार यंत्राशेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या वाट्याला येऊ शकतो.

म्हणून ज्यांच्या घरी अशी कार्यशाळा आहे त्यांनी एक छोटी वही ठेवावी. कोणत्या यंत्राचा तोल कधी पाहिला, किती ग्रॅम कोठून काढले, कोणते पाते कोणाच्या जोडीचे आहे, याची नोंद तारखेनिशी करावी. चाक झिजते, मळ साचतो, नट ढिला होतो, म्हणून एकदा साधलेला तोल कायम राहत नाही. प्रतिक्रमण जसे एकदा करून संपत नाही, तसाच हा तपास ठरावीक काळाने पुन्हा करावा लागतो. ज्यांच्याकडे कार्यशाळा नाही त्यांनी निदान आपल्या घरघंटीची जाळी काढून, प्लग काढल्याची खात्री करून, पात्यांना चिकटलेले पीठ दर आठवड्याला स्वच्छ करावे. पुढील दळणाच्या वेळी आवाजातील फरक त्यांना आपोआप कळेल.